कुठे नेता ते नंतर विचारा, कधी परत फिरलात ते आधी

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका आईने विचारलंय: मुलगी साडेबारा वर्षांची, सातवीत. वर्गातली मैत्रीण महिन्यातून दोन रविवार मुलांना डोंगरात नेणाऱ्या एका गटात जाते, म्हणून हिलाही जायचंय. वडील तयार आहेत, आजी पातालपाणीचं नाव काढून नको म्हणतात. मुलगी बुजरी आहे, पोहता येत नाही, पाळी गेल्याच वर्षी सुरू झाली. गट बरा की वाईट हे कसं ओळखायचं, आणि काय काय विकत आणावं लागेल?

आजींपासूनच सुरुवात करते, कारण घरातल्या सगळ्यांत नेमका मुद्दा त्यांनीच काढलाय. जुलै २०११ मधल्या एका रविवारी पातालपाणीच्या धबधब्याच्या तोंडाशी इंदूरच्याच एका घरातली माणसं प्रवाहात अडकली आणि बघता बघता वाहून गेली. काठावरच्या कोणीतरी मोबाइलवर टिपलेलं ते दृश्य देशभर टीव्हीवर दाखवलं गेलं. मी तेव्हाही मुलांना घेऊन हिंडत होते (आता सव्वीस वर्षं झाली, आधी मुलं ताई म्हणायची, मग मावशी, आणि गेल्या हिवाळ्यात एका चिमुरडीने आजी म्हटलं तेव्हा मी मुकाट ओ दिली). त्या आठवड्यात आमच्या निम्म्या पालकांनी नावं काढून घेतली. मी एकालाही का म्हणून विचारलं नाही.

पण आजींना एक सांगा. भीती बाळगायचीच तर डोंगराची नको, पाण्याची बाळगा. आपलं इंदूर माळव्याच्या पठारावर, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर बसलंय. महूच्या पुढे दक्षिणेला हे पठार एकदम तुटतं आणि खाली निमाडचा सखल मुलूख लागतो. ही तुटलेली कड म्हणजे विंध्य. पातालपाणी, तिंछा, जोगी भडक, शीतलामाता, सगळे धबधबे तिथूनच कोसळतात. वर काळी माती, तिच्याखाली काळा कातळ. जुलैच्या मध्यापर्यंत माती पोटभर पाणी प्यायलेली असते. त्यानंतरचा पाऊस मुरत नाही, सरळ ओढ्यात उतरतो. म्हणून होतं काय, की तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतं आणि वर कुठेतरी शेतांवर पडून गेलेली सर थोड्या वेळाने तुमच्या पायाशी येते. येण्याआधी ती खुणा देते: नितळ पाणी चहाच्या रंगाचं होतं, काड्या-पानं-फेस वाहत येतो, आवाज जड होतो. हे दिसलं की डबा, चप्पल, सॅक जिथे असेल तिथे टाकून काठ चढायचा. आमच्याकडे अकरा वर्षांच्या पोरालाही हे पाठ असतं, कारण ते आम्ही पाढ्यांसारखं घोकून घेतो.

हे शहाणपण मी फुकट मिळवलेलं नाही. गट सुरू करून तिसरं-चौथं वर्ष असेल. सप्टेंबर अर्धा सरला होता, आम्ही चोरल नदीच्या खोऱ्यात उतरलो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून एक ओढा ओलांडला. दुपारी एकच्या सुमारास मागे ढग भरून आले, बरोबरचा दादा म्हणाला, परत फिरू या. मी म्हटलं, अरे अर्ध्या तासावर कुंड आहे, पोरं किती दिवस वाट बघतायत. परतताना तोच ओढा माझ्या कमरेच्या वर होता. एकोणीस मुलं, आम्ही तीन मोठी माणसं, आणि साडेचार तास एका कातळाच्या आडोशाला. सेव-परमलची एक पिशवी मुठीमुठीने वाटून पुरवली. कोणाला खरचटलंही नाही. रात्री पावणेअकराला बस राजवाड्याशी पोचली. पालक रस्त्यावर उभे होते, त्यांतल्या एका आजोबांनी मला फक्त विचारलं, पाणी पिणार का? चूक दुसऱ्या कोणाची नव्हती. त्या दिवसापासून आमच्यात नियम आहे: मोठ्यांपैकी कोणीही एक जण ‘फिरू या’ म्हणाला की चर्चा नाही, सगळे फिरतात. कारणं घरी आल्यावर.

म्हणून त्या गटाच्या लोकांना भेटाल तेव्हा कुठे कुठे नेता हे विचारू नका. ते सगळे आनंदाने सांगतात, फोटोही दाखवतात. विचारा, गेल्या वर्षभरात अर्ध्यातून परत कधी आलात आणि का? ‘आम्हाला कधी तशी वेळच आली नाही’ असं कोणी छाती काढून म्हणालं तर चहा प्या आणि या. वर्षाला वीसेक सहली करणाऱ्या गटाला एकदाही परत फिरावं लागलं नाही, याचा अर्थ ते परत फिरत नाहीत एवढाच. ज्यांच्याकडे उत्तर असतं ते लगेच सांगतात: अमुक महिन्यात पोराला ताप होता म्हणून, तमुक वेळी वाटेत आग्या मोहोळ दिसलं म्हणून, बस उशिरा सुटली आणि अंधारात उतरावं लागलं असतं म्हणून. असं कंटाळवाणं उत्तर मिळालं की समजा, बोलण्यासारखी माणसं आहेत.

वेळेचा हिशोबही विचारून बघा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा आडाखा दिला होता, तो अजून चालतो: सपाटीला ताशी पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर सहाशे मीटरना एक तास जास्तीचा. हा धट्ट्याकट्ट्या मोठ्या माणसाचा वेग झाला. मुलं असली की मी त्याची दीडपट धरते, त्यात जेवण वेगळं, सूर्यास्ताच्या दोन तास आधी गाडीपाशी पोचायचं असं उलटं मोजत येते आणि त्यावरून निघायची वेळ ठरवते. गटाच्या दादाला हे गणित अगदी याच शब्दांत येत नसेल तर बिघडत नाही, पण परतीची ठरलेली वेळ नसेल तर बिघडतं.

आता माझा सगळ्यात आवडता सल्ला, जो पालक क्वचितच ऐकतात. मुलीला पाठवण्याआधी एका रविवारी तुम्ही एकट्याच पहाटे सहाला त्यांच्या जमण्याच्या जागी जा. लांब उभ्या राहा. दहा मिनिटांत जे दिसेल ते तासाभराच्या गप्पांतून कळणार नाही. कोणाच्या हातात नावांची यादी आहे का? मुलं गाडीत चढल्यावर मोजतात, की ‘सगळे आले ना रे?’ म्हणून ओरडतात? ‘सगळे आले ना’ ही मोजणी नव्हे, कारण जो आलेला नाही तो ‘मी नाही आलो’ असं सांगायला तिथे नसतो. एखादं पोर चपला घालून आलं तर त्याला काय म्हणतात? सोडायला आलेल्या बापाने ‘याला जरा खोकला आहे’ म्हटलं तर कोणी लिहून घेतं का, की ‘अरे, डोंगरात पळून जाईल’ म्हणून पाठ थोपटतात? ड्रायव्हरकडेही बघून घ्या. इतक्या वर्षांत मला डोंगरापेक्षा घाटातल्या रस्त्याने जास्त घाबरवलंय.

माणसं किती असावीत? माझं मोजमाप असं: सहा-सात मुलांमागे एक मोठा माणूस, आणि कितीही लहान गट असला तरी किमान दोन. एक सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे. मागच्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाच्या मागे कोणी राहायचं नाही, लघवीला थांबलेलं पोरसुद्धा नाही. हे शेपूट अनुभवी माणूस असावं. बरेच गट उलट करतात, वाकबगार माणूस झेंडा घेऊन पुढे आणि कॉलेजातला नवखा पोरगा मागे. थकलेलं, रुसलेलं, पाय मुरगळलेलं पोर मागेच असतं, तर अनुभवाची गरज कुठे आहे?

मुलीची आई म्हणून जो प्रश्न तुमच्या मनात आहे आणि लिहायचा टाळलाय, त्याचंही उत्तर देते. गटात निदान एक बाई असलीच पाहिजे, आणि ती डबे वाटणारी नको, निर्णय घेणारी हवी. कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलाबरोबर एकटा, इतरांच्या नजरेआड जाणार नाही, हा नियम लेखी असावा. दादा-ताई आणि मूल यांच्यात खासगी मेसेज नकोत, जे काय असेल ते पालक असलेल्या ग्रुपवर. मुक्कामाच्या शिबिरात मुलामुलींची झोपायची सोय वेगळी, मोठ्यांची त्याहून वेगळी. आणि मुलांचे फोटो कुठे टाकणार हे आधी विचारणार. १८ वर्षांखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे हे त्यांना ठाऊक आहे का, एवढं सहज विचारा. चेहरा पडला किंवा ‘आमच्याकडे तसं काही नसतं’ असं फणकाऱ्याने उत्तर आलं तर दुसरा गट शोधा. चांगली माणसं या प्रश्नाने दुखावत नाहीत, त्यांनी आपल्या मनाशी तो आधीच विचारलेला असतो. मुलीलाही चाइल्डलाइनचा १०९८ नंबर पाठ करून द्या, ट्रेकसाठी म्हणून नव्हे, एरवीही.

पाळीचं सांगते, कारण या वयाच्या निम्म्या मुली त्यामुळेच गट सोडतात आणि कारण मात्र ट्यूशनचं देतात. सॅकच्या एका कप्प्यात दोन पॅड, एक जास्तीची चड्डी, कागद आणि घट्ट बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी कायमची ठेवा, पाळी असो वा नसो. वापरलेलं पॅड जंगलात पुरायचं नाही (कोल्ही-कुत्री उकरतात), पिशवीत घालून घरी आणायचं. गडद रंगाची पँट. आमच्याकडे मुलींसाठी आडोशाला जायच्या वेळा ठरलेल्या असतात. बाई दोन-दोन मुलींना घेऊन जाते आणि मुलं पुढच्या वळणावर पाठ करून थांबतात. हे जिथे ठरलेलं नसतं तिथे मुली लघवी लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. उन्हाने लागलं असं सगळे समजतात. आणखी एक. जानापावच्या डोंगरमाथ्यावर देऊळ आहे. पाळीच्या दिवशी एखादी मुलगी बाहेर बसून राहिली तर तिला का म्हणून कोणी विचारत नाही आणि आत गेली तरी विचारत नाही. गटाला ही एवढी समज असली तर मुली टिकतात.

पोहता येत नाही हे अडचणीचं नाही, ते लपवणं अडचणीचं. फॉर्मवर स्पष्ट लिहा. फॉर्म नसेल तर तीच एक वाईट खूण. त्यावर रक्तगट, दोन फोन नंबर, कशाची अॅलर्जी, कोणतं औषध चालू आहे, दमा, फिट, चक्कर हे सगळं हवं. एकदा एका मुलाच्या आई-वडिलांनी दमा आहे हे लिहिलं नाही, कारण ‘मग तुम्ही घेतलं नसतं.’ आम्ही घेतलंच असतं, फक्त पंप कोणाच्या खिशात आहे हे तीन जणांना ठाऊक असतं. त्या दिवशी पंप बसमधल्या मोठ्या बॅगेत होता आणि बस खाली पायथ्याशी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्या मुलीला पोहायला नक्की घाला. पण आलं म्हणून धबधब्याखालच्या कुंडात उतरू देऊ नका. तिथे खाली कातळाच्या कपारी असतात, पाणी खाली ओढतं, आणि तलावात शिकलेलं तिथे फारसं कामाला येत नाही.

दोरावरच्या खेळांबद्दल थोडं. पहिल्या वर्षात रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं), क्लाइंबिंग केलंच पाहिजे असं नाही, पण मुलांना तेच हवं असतं आणि गट त्याच्याच जाहिराती करतात. सियागंज बाजारातला नायलॉनचा दोर सामान बांधायला उत्तम, माणूस लटकवायला नाही. गिर्यारोहणाचा दोर वेगळा असतो: आत धाग्यांचा गाभा, वरून विणलेलं कवच. नुसता कपाटात पडून राहिला तरी दहा वर्षांनंतर तो वापरायचा नसतो, असं बनवणारे स्वतःच सांगतात. म्हणून दोर कधीचा आहे आणि त्याची वही आहे का, हे विचारा. वहीत किती वेळा वापरला, कुठे घासला, कोणी तपासला हे लिहिलेलं असतं. कॅराबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर, ती किती ताण सोसेल त्याचा आकडा कोरलेला असतो, तो नसेल तर ती किल्ल्यांची कडी समजा. हेल्मेट प्रत्येकाच्या डोक्यावर, खाली उभं राहून बघणाऱ्यांच्याही, कारण दगड त्यांच्यावरच पडतात. हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा अंगावरचा पट्टा, मुलीच्या कमरेला बसतो का तेही बघा. बारक्या चणीच्या मुलांना मोठ्यांचा हार्नेस घट्ट आवळला तरी खाली सरकतो. आणि एकच नांगर, म्हणजे एकाच झाडाला किंवा एकाच खिळ्याला सगळा भार, असं दिसलं तर मुलीला घेऊन घरी या. भांडत बसू नका. मी एकदा भांडले होते, त्या गटाने मला पुढच्या वेळी बोलावलं नाही, एवढाच परिणाम झाला.

बुजरेपणाचं तुम्ही काळजीने लिहिलंय. मला त्याची काळजी वाटत नाही. बडबडी पोरं डोंगरात दोन तासांत गप्प होतात आणि बुजरी पोरं तिसऱ्या-चौथ्या सहलीला बोलायला लागतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय. मात्र त्यासाठी गटाने त्यांना काहीतरी काम दिलं पाहिजे. नुसतं ‘अरे, बोल ना भिया, शरमाता क्यों है’ म्हटल्याने पोर आणखी आत जातं. अशीच एक मुलगी तीन सहलींत एक शब्द बोलली नव्हती. चौथ्या वेळी मी तिला मोजणीचं काम दिलं. दर थांब्यावर डोकी मोजायची आणि मला आकडा सांगायचा. राळामंडळाच्या टेकडीवरून उतरताना ती पळत आली, ‘मावशी, तुमचे तेवीस आणि माझे बावीस येतायत.’ माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा मोजलं. मग तीच म्हणाली, ‘तुम्ही स्वतःला धरलं असेल.’ धरलं होतं. आज ती लहान मुलांची शेपूट असते.

तुम्ही फक्त एक करा, मैत्रीण आहे म्हणून दोघींना कायम एकाच जोडीत ठेवा असा आग्रह धरू नका. पहिल्या सहलीला ठीक आहे. नंतर जोड्या बदलू द्या.

शाळेत स्काउट-गाइडमधलं मुलींचं, म्हणजे गाइडचं पथक आहे का हेही विचारून घ्या. पालकांना ते आता जुनाट वाटतं, आणि काही शाळांत ते खरोखरच पंधरा ऑगस्टच्या संचलनापुरतं उरलंय. पण पथक जिवंत असेल तर त्याच्याइतका स्वस्त आणि मुरलेला रस्ता दुसरा नाही. स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं तेव्हा मुलांच्या छोट्या टोळ्या पाडून प्रत्येक टोळीचा नायक मुलांमधलाच केला, आणि तीच पद्धत अजून चालते. भारतात वेगवेगळ्या संघटना होत्या, त्या १९५०-५१ मध्ये भारत स्काउट्स अँड गाइड्समध्ये एकत्र आल्या. तुमच्या मुलीच्या वयाला गाइड होता येतं. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, अशा पायऱ्या चढत जायचं. गाठी, प्रथमोपचार, नकाशा, तंबू, स्वयंपाक हे सगळं त्यात येतं. आणि आपल्या राज्याचं भाग्य असं की त्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र इथेच, पंचमढीला आहे. सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर धूपगढ तिथेच, साडेतेराशे मीटरचं. माझ्या गटातली जी मुलं आधी गाइड-स्काउटमध्ये होती त्यांना मला गाठी शिकवाव्या लागल्या नाहीत, उलट एकीने माझीच गाठ सोडवून पुन्हा बांधली. हिमालयातल्या गिर्यारोहण संस्थांच्या बेसिक कोर्सचा विचार मात्र आत्ता नको, त्याला अजून तीन-चार वर्षं आहेत.

खरेदीचं थोडक्यात, कारण याच बाबतीत पालक उगाच पैसे घालवतात. पहिल्या तीन सहलींना काहीही विकत आणू नका. शाळेचे पीटीचे बूट, तळ झिजलेला नसला म्हणजे झालं. नवे बूट घालून पहिल्यांदा डोंगरात गेलेलं पोर टाचेला फोड घेऊनच येतं. जाड सुती मोजे, टोपी, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, शिट्टी, थंडीत स्वेटर. सॅक शाळेचीच. ओझं मुलीच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ती ३८ किलोची असेल तर पावणेचार किलो, त्यात दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो तिथेच गेले. उरलेल्यात डबा. दशम्या, मेथीचे पराठे, गुळाची चिक्की, लिंबाचं लोणचं. आजींना डब्याचं काम द्या, त्यांचा विरोध निम्मा तिथेच मावळतो. चिप्सची पाकिटं नकोत, तहान वाढते आणि पाकिटं जंगलात राहतात. अत्तर, सुगंधी तेल, डिओ लावून पाठवू नका, आग्या मोहोळाच्या वाटेवर वास महागात पडतो. मीठ-साखरेचं पाणी तिला स्वतः करता यायला हवं: एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मोबाइल बरोबर असू दे, बंद करून तळाशी. आणीबाणीला ११२, अॅम्ब्युलन्सला १०८. दऱ्यांमध्ये रेंज नसतेच, त्यामुळे दर अर्ध्या तासाने फोन करायची सवय तुम्ही सोडा. पोर खाली दरीत असताना तुमचा जीव वर टांगलेला नको.

कुठून सुरुवात करावी? सिरपूरच्या तलावावर एक सकाळ, पक्षी बघत. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आणि तो शहरातच आहे, म्हणजे कंटाळली तरी तासाभरात घरी. मग राळामंडळ. होळकरांचं जुनं शिकारगाह, आता अभयारण्य, नीट बांधलेली वाट, आणि वर चढून गेलं की सगळं इंदूर खाली पसरलेलं दिसतं. तिसऱ्यांदा जानापाव, साधारण साडेआठशे मीटरचा माथा. चंबळ जिथून निघते ते कुंड दाखवलं की मुलं हमखास निराश होतात, ‘बस, इतनी सी?’ मला तो क्षण फार आवडतो, कारण मग वाटेत चंबळ पुढे कुठवर जाते याच्या गप्पा होतात. हे सगळं दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. मांडू आणि तिथली गोरखचिंचेची अवाढव्य झाडं थंडीच्या मुक्कामासाठी ठेवा. पावसाळ्यात पहिल्या वर्षी धबधबा नकोच. आजींना एवढं वचन देऊन टाका, ते पाळायला सोपं आहे.

दोन जागांबद्दल बजावून ठेवते. पातालपाणी ते कालाकुंड रेल्वेच्या रुळांवरून, बोगद्यांतून चालत जायची पूर्वी फार हौस होती. रुळांवरून चालणं गुन्हा आहे आणि बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायला जागा नसते. कालाकुंडचं पळसाच्या पानातलं कलाकंद खायचंय तर गाडीत बसून जा. आणि महूच्या बाजूला लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत. तिकडच्या माळावर कुठलाही धातूचा तुकडा, नळी, गोळा दिसला तर हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, लांबून मोठ्यांना दाखवायचा. हे मुलीला तुम्ही सांगा, गट सांगेल म्हणून थांबू नका.

सापाचंही आजी विचारतीलच. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी आहेत. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने करकचून बांधायचं नाही. तो हात किंवा पाय हलू न देता, मुलाला चालू न देता उचलून थेट मोठ्या दवाखान्यात. गटाला विचारा, या रविवारच्या जागेपासून सापाचं औषध असलेला जवळचा दवाखाना कोणता? उत्तर तिथल्या तिथे आलं पाहिजे. सव्वीस वर्षांत माझ्याबरोबर कोणाला साप चावलेला नाही, दोन वेळा मधमाश्या आणि असंख्य वेळा बाभळीचा काटा. पण दवाखान्याचं नाव दर वेळी कागदावर असतं.

तीन सहली झाल्या की मुलीला विचारा, पुढे जायचंय का. नको म्हणाली तर नको. वर्षाची फी भरून टाकलीय म्हणून ओढू नका, म्हणूनच आधी तीन सहलींचे सुटे पैसे घेणारा गट बघा.

आणि संध्याकाळी ती परत आली की लगेच ‘कसं झालं, कोण होतं, काय केलं’ सुरू करू नका. आधी अंघोळीला पाठवा, पण अंघोळीआधी कानामागे, गुडघ्यामागे, कमरपट्ट्याखाली गोचीड आहे का ते बघा. गवतातून आलेल्या मुलांना ती चिकटते. दिसली तर बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, मग साबणाने धुवायचं. आजी इथे रॉकेल लाव, नाहीतर उदबत्तीचा चटका दे म्हणतील. बाकी सगळं त्यांचं ऐका, हे एवढं ऐकू नका.